मुकादम

मंगळवारी नि शुक्रवारी, सव्वादहाच्या सुमाराला,
लोता गावचा चढ चढून यास्ना येते.
दारातच बूट पुसते, आत डोकावून ओतिलियाला विचारते,
"एलेउतेरिओ काल रात्री किती खोकले?"
मला विचारत नाही.
मी खिडकीपाशी, माझ्याच घरात पाहुणा,
उजवा हात मांडीवर पडलेला,
बाजारातून आणून विसरलेल्या माशासारखा.

ती तो मासा उचलते, उलटापालटा करते, बोटं एकेक उलगडते.
"नाव ठेवा याला. रोज हाक मारा."
मी म्हणालो, "मुकादम."
जीभ अजून जड, शब्द तोंडात लोळत बाहेर पडला.
"का हो?"
"स्वतः काडी उचलत नाही.
सगळं डाव्याकडून करून घेतो."
यास्ना इतकी हसली
की तिच्या गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नाकावर आपटलं.

जुलैतल्या थंडीत न्यूमोनिया झाला.
कॉन्सेप्सिओनच्या इस्पितळात नळ्या निघाल्या
त्याच आठवड्यात डोक्यात काहीतरी पिचलं.
डॉक्टर म्हणाला, नशीबवान आहात.
मी तेव्हा सरळ हसू शकत नव्हतो,
म्हणून त्याला वाटलं मला पटलं.

हातानंतर बाटलीची वेळ.
शीतपेयाची रिकामी बाटली, चार बोटं पाणी, त्यात रबरी नळी.
फुंकायचं. हळू. गाल फुगवायचे नाहीत.
चौतीस वर्षं मी समुद्राच्या पोटाखाली कोळसा फोडला.
डोक्यावर अख्खा पॅसिफिक,
आणि आम्ही खाली शिट्ट्या मारत होतो.
आता चार बोटं पाणी मला हटत नाही.
बाप म्हणायचा, दम धर.
खरा मुकादम होता तो नुसता दम द्यायचा.
ही पोरगी म्हणते, दम सोडा,
सगळा सोडा, तळाशी ठेवू नका काही.

सातव्या फुंकरीला खोकला उसळतो.
ती पाठीवर थापत राहते, ओंजळीच्या हातानं, खालून वर,
आणि बेसिनमध्ये पडतं ते अजून काळं.
खाण बंद होऊन पोरं बाप्ये झाली,
माझ्या छातीतली शिफ्ट काही सुटली नाही.

गेल्या शुक्रवारी ओतिलिया कणीक मळत होती.
यास्ना म्हणाली, "मुकादमाला लावू या का कामाला?"
"माझ्या पिठात?" ओतिलिया म्हणाली,
पण परात पुढे सरकवली.
खाणीत न्यायचा पाव ती रोज पहाटे फडक्यात बांधून द्यायची.
पीठ गार असतं की कोमट
हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.
कोमट असतं.
हातानं सांगितलं की मीच धरून चाललो, देव जाणे.
मग अंगठा हलला.
यास्ना ओरडली, "पाहिलंत?"
ओतिलिया म्हणाली, "यीस्ट असेल. पीठ फुगतंय."
आणि पदार्थात मीठ कमी पडल्यासारखी
उगाच मागं वळून डबे शोधू लागली.

आज मंगळवार. यास्नाचा फोन आला,
तिच्या लेकाला ताप आहे, येत नाही.
मी म्हणालो, बरं झालं, सुट्टी.
ओतिलियानं काही न बोलता बाटली भरली,
टेबलावर ठेवली, समोर बसली
आणि मला दाखवायला म्हणून
आधी स्वतःच नळीत फुंकलं.
भसाभसा बुडबुडे आले. पाणी टेबलभर.
सत्तरीची बाई शाळेतल्यासारखी खिदळली,
तोंडावर हात धरून, पुढचा दात नाही म्हणून.
मग नळी माझ्या ओठांशी आणली.
पुसलीसुद्धा नाही.